पापणी उघडली, आणि एकाचे दोन दिसायला लागले

आजवर मी इथं फक्त कटिंगचं आणि शिवणाचं लिहीत आले. कटोरी ब्लाउजची मापं बघायला येणाऱ्यांना आजची पोस्ट वेगळी वाटेल. पण मागच्या वर्षभरात क्लासच्या मुली, गिऱ्हाइकं, माहेरची माणसं, सगळ्यांनी एकच विचारलं, डोळ्याला नेमकं झालं काय होतं आणि तो परत आला कसा? प्रत्येकीला तुकड्या-तुकड्यानं सांगत आले. आता एकदा सलग लिहिते. मी अंथरुणावर होते तेव्हा माझी मुलगी रोज रात्री मोबाइलवर मराठीत असं कुणी लिहिलंय का ते शोधायची. आजाराची माहिती मिळायची, पण एखाद्या बाईचा डोळा कसा कसा बरा होत गेला, कुठल्या महिन्यात काय झालं, हे कुणी लिहिलेलं तिला मिळालं नाही.

मागच्या वर्षी वैशाखात, ऐन लग्नसराईत, डाव्या डोळ्यामागं दुखायला लागलं. भुवईच्या आत, खोल. रात्री बारापर्यंत मशीन चालायची, त्यामुळं डोळा दुखतोय याचं घरात कुणाला नवल वाटलं नाही. मग एक दिवस सकाळी उठले तर डावी पापणी अर्धी खाली. दुपारपर्यंत पूर्ण मिटली. बोटानं उचलली की वर जायची, बोट काढलं की पडायची.

जाऊबाई म्हणाल्या, "वारं गेलंय." आमच्या भागात वारं गेलं की औषध द्यायची गावं ठरलेली आहेत. तिकडं न्यायची तयारी सुरू झाली. ह्यांना वाटत होतं शुगर वाढली असणार, कारण मला बरीच वर्षं मधुमेह आहे. हे दोन्ही अंदाज घराघरात केले जातात, म्हणून त्यांच्याबद्दल आधी सांगते.

तोंडावरून वारं जातं तेव्हा चेहऱ्याची नस बसते, म्हणजे तिचं काम थांबतं. ही नस रक्ताची नव्हे, मेंदूचा हुकूम स्नायूला पोचवणारी. ओठ एका बाजूला ओढला जातो, चूळ भरताना पाणी ओघळतं आणि त्या बाजूचा डोळा मिटत नाही. माझं नेमकं उलटं होतं. हसले तर हसू सरळ, गाल सरळ, पण डोळा उघडत नव्हता. पापणी वर उचलणारी नस वेगळी असते. मेंदूतून निघणाऱ्या नसांमध्ये ती तिसरी, म्हणून डॉक्टर तिला थर्ड नर्व्ह म्हणतात. डोळा फिरवणारे सहा स्नायू असतात, त्यातले चार हीच एक नस चालवते. डोळा आत, वर आणि खाली नेण्याचं बहुतेक काम तिचं. पापणी उचलण्याचं काम तिचं. उजेडात बाहुली लहान करण्याचं कामही तिचंच. ती बसली की सगळं एकदम बसतं. उरलेले दोन स्नायू डोळ्याला बाहेर आणि खाली ओढून ठेवतात. माझी पापणी उचलून मुलीनं फोटो काढला होता. त्यात उजवा डोळा समोर बघतोय आणि डावा कानाकडं.

मधुमेहानंसुद्धा हीच नस बसते. म्हणून ह्यांचा अंदाज अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. पण फरक बाहुलीत असतो. साखरेमुळं नसेच्या आतला रक्तपुरवठा बिघडतो, तेव्हा पापणी पडते, डोळा फिरत नाही, पण बाहुली बहुतेक वेळा शाबूत राहते. बाहुली लहान करणारे तंतू या नसेच्या बाहेरच्या अंगाला असतात. बाहेरून कशाचा दाब आला की पहिल्यांदा तेच चेपतात आणि बाहुली मोठी होऊन बसते. पापणी पडलेली आणि बाहुली मोठी झालेली, असा डोळा कुणाचाही दिसला तर उद्यावर टाकू नका. बाहुली ठीक दिसली तरी घरच्या घरी निकाल लावू नका, तो डॉक्टरांना लावू द्या.

सांगलीतल्या आमच्या डोळ्याच्या डॉक्टरबाईंनी माझी पापणी अंगठ्यानं वर धरली आणि बॅटरी मारली. उजव्या बाहुलीवर उजेड पडताच ती आकसली. डावी हलली नाही. त्यांनी पुन्हा मारली. मग बॅटरी ठेवून ह्यांना विचारलं, "गाडी आहे का तुमच्याकडं? मग आत्ता मिरजेला जा. घरी जाऊ नका, इथूनच जा." चिठ्ठी लिहून देईपर्यंत त्यांनी सीटी स्कॅनवाल्यांना फोनही लावला होता. त्या बाईंचं नाव मी इथं लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही, पण आमच्या घरात देवापुढं हात जोडताना त्यांची आठवण निघतेच.

मिरजेला आधी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम, बघितलं, कारण शिरेतून डाय सोडायचा होता आणि मी शुगरची पेशंट. मग सीटी अँजिओग्राफी, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन, झाली. मेंदूकडं जाणाऱ्या मोठ्या धमनीतून, तिला मागच्या बाजूच्या धमनीशी जोडणारी एक बारीक धमनी निघते. ती जिथं निघते त्याच जागी माझ्या डाव्या बाजूला धमनीच्या भिंतीला फुगा आला होता, सात मिलिमीटरचा. डॉक्टर त्याला ॲन्युरिझम म्हणतात. तिसरी नस बरोबर त्याच्या शेजारून जाते. फुगा नसेला टेकला होता आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याला तिच्यावर आपटत होता. फुटला मात्र नव्हता. डॉक्टर म्हणाले, नस अशी अचानक बसते म्हणजे फुगा वाढतोय, त्याला वेळ द्यायचा नाही.

"घरात कुणाला असं काही?" असं त्यांनी विचारलं आणि मला आई दिसली. मी नववीत होते. आई चुलीपुढं भाकऱ्या करत होती, "डोकं फुटतंय गं माझं" म्हणाली आणि तव्यावरची भाकरी न उलटताच आडवी झाली. दिवेलागणीपर्यंत सगळं संपलं. मेंदूत रक्तस्राव, एवढंच तेव्हा सांगितलं होतं. इतक्या वर्षांनी मिरजेच्या त्या बाकावर बसून मला कळलं की आईला कदाचित हेच झालं असेल. तिची पापणी पडली नाही. तिला सूचना मिळाली नाही, मला मिळाली.

त्याच रात्री ॲम्ब्युलन्सनं पुण्याला गेलो.

तिथल्या डॉक्टरांनी दोन्ही रस्ते समोर ठेवले. एक म्हणजे कवटी उघडून फुग्याच्या मानेला बाहेरून क्लिप लावायची. दुसरा म्हणजे जांघेतल्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत न्यायची आणि फुग्याच्या पोटात प्लॅटिनमची तार वेटोळी करून भरायची, म्हणजे कॉइलिंग. क्लिप लावली की फुगा रिकामा करता येतो आणि नसेवरचा दाब तिथल्या तिथं उतरतो. नस पूर्ण बरी होण्याचं प्रमाण क्लिपनंतर जरा जास्त असल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, हेही त्यांनी सांगितलं. कॉइलिंगमध्ये फुगा जागेवरच राहतो, पण आत रक्त शिरायचं थांबतं, ठोका बंद पडतो आणि पुढं तो हळूहळू आक्रसू शकतो. माझ्या फुग्याची मान अरुंद होती, त्यात कॉइल नीट बसणार होती, आणि मधुमेह असल्यानं डोकं न उघडता काम झालं तर बरं, असं त्यांचं मत पडलं. मी विचारलं, "डोळा येईल का?" ते म्हणाले, "ताई, आधी जीव. डोळ्याला महिने लागतील. पण तुम्ही लगेच आलात, हे तुमच्या बाजूचं आहे."

उपचाराचं मला काही आठवत नाही, पूर्ण भूल होती. उठले तर जांघेला घट्ट पट्टी आणि पाय हलवू नका म्हणून नर्स सांगत होती. डोक्याला एक टाका नव्हता. डावा डोळा मिटलेलाच. स्टेंट लागला नाही, त्यामुळं रक्त पातळ करायच्या गोळ्या लांबल्या नाहीत.

खर्चाचं थोडक्यात सांगते. कॉइल किती लागतील हे आधी पक्कं सांगता येत नाही आणि प्रत्येक कॉइल महाग असते. त्यामुळं अंदाजपत्रक आणि बिल यांत फरक पडतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं आणि काय नाही, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारा. आमच्याकडं ते काम माझ्या भावानं केलं.

पुढं घरी पडून असताना मुलगी मला वाचून दाखवायची. ती नर्सिंगला आहे. तिनं एकदा सांगितलं की फुग्याच्या मानेला पहिल्यांदा क्लिप लावली ती वॉल्टर डँडी नावाच्या सर्जननं, 1937 साली, अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. चांदीची क्लिप होती. आणि तो पेशंट, 43 वर्षांचा माणूस, हीच तिसरी नस बसली म्हणून आला होता. मी तिला तेवढं परत वाचायला लावलं. प्लॅटिनमची कॉइल त्यानंतर खूप उशिरा आली, गुग्लिएल्मी नावाच्या इटालियन डॉक्टरनं लॉस एंजेलिसला 1990 मध्ये ती पहिल्यांदा पेशंटमध्ये बसवली. कॉइल जागेवर नीट बसली की तिच्या तारेतून हलका वीजप्रवाह सोडायचा आणि ती नळीपासून सुटी करायची, ही त्याची युक्ती. बसली नाही तर सुटी करण्याआधी परत ओढून घेता येते. शिवणाऱ्या बाईला हे फार पटलं. पक्की शिलाई मारण्याआधी धावदोरा घालून बघता आला पाहिजे.

आता डोळ्याचं. खरं तर यासाठीच लिहायला बसले.

पहिले काही आठवडे काहीच बदललं नाही. ज्येष्ठ गेला. रोज सकाळी आरशापुढं उभी राहून पापणी उचलायचा प्रयत्न करायची, तर कपाळाला आठ्या पडायच्या आणि भुवई वर जायची, पापणी जागची हलायची नाही. डोळा मिटलेला असल्यामुळं एका डोळ्याचे हाल होते तेवढेच. चहा ओतताना धार कपाबाहेर जायची. जिन्याची शेवटची पायरी आहे की संपली, हे पाय टेकवल्याशिवाय कळायचं नाही. एका डोळ्याला अंतर समजत नाही. सुईत दोरा ओवताना दोऱ्याचं टोक सुईच्या अलीकडं राहतंय की पलीकडं जातंय हे कळेना. मग मी दोरा आधी सुईच्या पात्याला टेकवायचा आणि तसाच घासत वर नेढ्यापर्यंत न्यायचा, असं करायला लागले. ते जमलं. मशीनला मात्र हात लावू दिला नाही मुलीनं.

आषाढात, पालख्या पंढरपूरला पोचल्या त्या सुमारास, पापणीखाली फट दिसली. नखाच्या कडेएवढी. घरात आनंदीआनंद. जाऊबाईंनी साखर वाटली. रोज जरा जरा वर यायला लागली. आणि ज्या दिवशी पापणीनं बाहुली सोडली, त्या दिवशी मी किंचाळलेच. समोर दोन गॅस, चार शेगड्या. मुलगी आली तर दोन मुली. एक जागेवर, दुसरी तिच्या उजवीकडं आणि थोडी वर तरंगणारी. डोकं गरगरलं, मळमळलं, भिंत धरून खाली बसले. मला वाटलं फुगा फुटला.

पुण्याला फोन केला. तिकडून डॉक्टर म्हणाले, "दोन दिसायला लागले? चांगलं आहे." मला तेव्हा राग आला होता. नंतर त्यांनी समजावलं ते असं. दोन्ही डोळे एकाच जागी बघतात तेव्हा मेंदू दोन चित्रं एक करतो. माझा डावा डोळा अजून बाहेर आणि खाली वळलेलाच होता, म्हणजे त्याचं चित्र वेगळं होतं. आधीही ते वेगळंच असणार, पण पडलेल्या पापणीनं झाकून ठेवलं होतं. पापणी आधी आली, डोळा फिरवणारे स्नायू मागं राहिले, आणि त्या मधल्या काळात एकाचे दोन. माझ्यासारखं कुणाला झालं तर घरच्यांनी हे आधीपासून माहीत करून ठेवावं. बाहेरून डोळा सुधारताना दिसतो, सगळे "आता बरं वाटतंय ना?" विचारतात, आणि पेशंटला नेमकं तेव्हाच सगळ्यात वाईट वाटत असतं. पापणी बंद असताना मी स्वयंपाक करत होते. पापणी उघडल्यावर मला स्वयंपाकघरात उभं राहता येईना. माझे सगळ्यात जास्त रडण्याचे दिवस ते होते, आणि घरात कुणालाच कळत नव्हतं की आता कशाला रडते. तरीही, डोकं एकाएकी भयंकर दुखलं, शुद्ध हरपली, झटका आला, तर ते वेगळं, तेव्हा विचार न करता रुग्णालय गाठायचं.

दोन दिसू नयेत म्हणून एक डोळा झाकायचा. मेडिकलमध्ये चिकटपट्टीचे तयार तुकडे मिळतात. उन्हाळा-पावसाळ्यात त्यांनी कातडी सोलवटते. इलॅस्टिकची काळी पट्टी मिळते, ती पापणीच्या केसांना घासते आणि डोळ्यात पाणी येतं. म्हणून मी माझी पट्टी स्वतः शिवली. आजारपणात शिवलेली पहिली वस्तू ती. बाहेरून काळं पॉपलीन, आतून जुन्या धोतराची मलमल, मध्ये कॅनव्हासचा एक थर. सपाट कापली तर डोळ्याला चिकटते, म्हणून नाकाच्या बाजूला आणि गालाच्या बाजूला एकेक बारीक टक्स घेतला. त्यानं कप पुढं उभा राहतो आणि आत डोळ्याची उघडझाप होऊ शकते. डोक्यामागून इलॅस्टिक घेतलं नाही, चष्म्याच्या काडीवर सरकेल अशी खोळ शिवली. वरच्या कडेला उजेड आत येत होता, तिथं पाव इंच वाढवलं. सगळं हातशिलाईनं, एका डोळ्यानं. टाके तिरके आहेत, पण ती पट्टी मी अजून ठेवलीय. पुढं पुण्यात एक मुलगा भेटला, मोटारसायकलवरून पडल्यानं त्याची हीच नस बसली होती, त्यालाही एक करून पाठवली.

डोळा झाकल्यानं तो आळशी होईल अशी भीती मला पुष्कळ जणांनी घातली. ती भीती लहान मुलांच्या बाबतीत खरी आहे, त्यांची नजर अजून घडत असते. मोठ्या माणसाचा डोळा पट्टीनं अधू होत नाही, हे मी डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलं.

पुण्यात एक ऑर्थॉप्टिस्ट ताई होत्या, डोळ्यांच्या हालचाली मोजणाऱ्या. लाल-हिरवा चष्मा घालून समोरच्या पडद्यावरच्या ठिपक्यांवर आपण प्रकाशाचा ठिपका न्यायचा, त्यावरून प्रत्येक डोळ्याचा एक चौकोन कागदावर निघतो. उजव्याचा ऐसपैस, डाव्याचा आक्रसलेला. पुढच्या प्रत्येक खेपेला डावा चौकोन थोडा मोठा व्हायचा. मला घरी काहीच फरक जाणवत नसायचा, पण कागदावर दिसायचा. त्या कागदांनी मला जितका धीर दिला तितका कुणाच्या बोलण्यानं दिला नाही. मुलीनं ते कपाटाच्या दाराला आतून लावून ठेवले होते.

त्यांनीच चष्म्याच्या काचेला चिकटवायचं पातळ प्लॅस्टिकचं प्रिझम दिलं, ते उजेड वळवून एक चित्र दुसऱ्याकडं सरकवतं. त्यानं समोरचं एक दिसायला लागलं, कडेचं मात्र दोनच. डोळा सुधारेल तसं ते बदलावं लागतं, म्हणून कायमचा महागडा प्रिझमचा चष्मा लगेच करायचा नाही. तिरळेपणाच्या ऑपरेशनचंही तेच. निदान सहा महिने थांबायचं आणि सुधारणा थांबलीय हे मोजून बघायचं. डोळा अजून येत असताना स्नायू हलवले तर पुढं उलटीकडं तिरळा होऊ शकतो. नस वाढवणारा व्यायाम नाही. डोळा गरागरा फिरवा, अंगठ्याकडं बघा, असं सांगणारे खूप भेटतात. दोन चित्रं जवळ आल्यावर ती जोडायला काही सराव ताईंनी दिले, ते उपयोगी पडले, पण त्याआधीचे महिने नसेनं स्वतःच्या वेळेनं घेतले. बी-ट्वेल्व्ह हे जीवनसत्त्व मात्र तपासून घेतलं, कारण मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीनं ते कमी होऊ शकतं.

श्रावणापर्यंत डोळा नाकाकडं यायला लागला. गौरी-गणपतीत समोर बघताना एक दिसत होतं, मान जरा उजवीकडं वळवली तर. मान वाकडी करून बघते म्हणून हळदीकुंकवाला बायका कुजबुजायच्या. एकीनं काळा गॉगल घालून यायला सुचवलं. गॉगल मी घालते, पण उन्हात. बाहुली मोठी असल्यानं उजेड फार आत जातो, सांगलीचं दुपारचं ऊन त्या डोळ्याला सोसत नाही. घरात, देवापुढं, बायकांत मी गॉगल घातला नाही. त्यात लपवण्यासारखं काय होतं?

नवरात्रात क्लासच्या एका मुलीच्या लक्षात एक गोष्ट आली. मी मशीनवर खाली बघते तेव्हा उजवी पापणी नजरेबरोबर खाली येते, डावी मात्र वर चढते. डोळा मोठा, वटारल्यासारखा दिसतो. ती बिचारी घाबरली, तिला वाटलं मी रागावले. डॉक्टरांनी बघितल्याबरोबर ओळखलं. दाबानं चेपलेल्या नसेचे तंतू परत वाढतात तेव्हा काही तंतू चुकीच्या स्नायूला जाऊन मिळतात. डोळा खाली न्यायला निघालेला हुकूम पापणी उचलणाऱ्या स्नायूलाही पोचतो. उजवी बाही डाव्या मुंड्याला जोडावी तसा प्रकार. फरक इतकाच की ही शिवण उसवता येत नाही. नाकाकडं बघितलं की तीच मोठी बाहुली थोडी लहान होते, तेही यामुळंच. डॉक्टर म्हणाले, साखरेनं बसलेली नस परत येते तेव्हा असं सहसा होत नाही, दाबामुळं किंवा मारामुळं बसलेल्या नसेत होतं. धोका काही नाही, आणि नस वाढलीय याचीच ती खूण आहे. मी क्लासमध्ये सगळ्या मुलींना बोलावून, खाली-वर बघून दाखवलं आणि कारण सांगितलं. त्यानंतर कुणी दचकत नाही.

दिवाळीच्या आसपास पुन्हा अँजिओग्राफी झाली. कॉइल जागच्या जागी घट्ट, फुग्यात रक्त शिरत नाही. कधी कधी कॉइल दबून तिथं परत जागा होते, म्हणून हे बघावंच लागतं आणि पुढंही अधूनमधून बघणार आहेत. प्लॅटिनम असल्यानं एमआरआयला अडचण नाही. डोक्यात धातू आहे तर एमआरआयमध्ये ओढला जाईल का, असं विचारणाऱ्यांसाठी सांगितलं.

आईचं ऐकल्यावर डॉक्टरांनी माझ्या भावाला आणि धाकट्या बहिणीला मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय करायला सांगितलं. घरात जवळच्या नात्यातल्या दोघांना हा आजार झाला असेल तर बाकीच्यांनी बघून घ्यावं असं असतं. आईचं नक्की काय होतं ते आता कळायचं नाही, तरी बघा म्हणाले. बहीण पटकन गेली. भाऊ टाळत होता. त्याला मी एवढंच म्हणाले, "आईला सांगायला कुणी नव्हतं, तुला मी आहे." दोघांचं निर्मळ आलं. भावाचं बीपी मात्र वाढलेलं निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या आणि सिगारेट सुटली. बीपी आणि सिगारेट ही दोन्ही या फुग्याला खतपाणी घालतात.

आता पाडवा झाला. समोरचं आणि खालचं एक दिसतं, म्हणजे मशीन, कटिंगचं टेबल, पुस्तक, ताट, सगळं एक. वर बघितलं की अजून दोन होतात. पडद्याचा रॉड, कपाटाचा वरचा कप्पा, झाडावरचा आंबा. बाहुली उजवीपेक्षा मोठीच आहे, ती बहुतेक तशीच राहील, ती सगळ्यात शेवटी येते आणि पुष्कळांची पूर्ण येतच नाही, असं सांगितलंय. वरची नजर सुधारायला ऑपरेशन करता येईल, असं ताई म्हणाल्या. मी सध्या नको म्हटलंय. माझं काम खाली बघून करायचं आहे आणि खाली बघताना मला एकच टाका दिसतो. पडद्याची मापं घ्यायला मुली शिडीवर चढतात, मी खालून लिहून घेते.

मधल्या काळात क्लास बंद राहिला नाही, हे त्या मुलींमुळं. मी खुर्चीवर बसून तोंडी कटिंग सांगायची, "मुंडा साडेसहा, आता सव्वा इंच आत ये, गोलाई दे," आणि त्या खडूनं आखायच्या. दोघींनी लग्नसराईतली माझी राहिलेली ब्लाउजं पुरी करून दिली, गिऱ्हाइकाला फरक कळला नाही.

त्या डोळ्याच्या पट्टीचं कटिंग बऱ्याच जणांनी मागितलंय. पुढच्या पोस्टमध्ये कागदी नमुना मापासकट टाकते, मोठ्या माणसाचा आणि लहान मुलांचा वेगवेगळा. चष्मा नसलेल्यांसाठी इलॅस्टिकचीही एक करून बघतेय, तिचा कानामागचा ताण अजून मनासारखा बसलेला नाही. सांगली-मिरजेत कुणाला तातडीनं हवी असेल तर क्लासवर या, कापड माझ्याकडं आहे, पैसे घेणार नाही.